फाटक्या आवाजाची पेटी

जाफराबाद,
१२ जानेवारी १९९७

चि. केशवला दाजीचा आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहेत, फक्त घरातली एकही वस्तू जागेवर नाही. रजनीचं उलथनं माझ्या कामाच्या टेबलावर आहे, माझा पेचकस काल पिठाच्या डब्यात सापडला, आणि हे पत्र लिहायला पेन मिळालं ते गजूच्या चड्डीच्या खिशातून. तुझा भाचा आता अडीच वर्षांचा झाला. तो चालत नाही, पळतोच. जिथं पळायला जागा नाही तिथं चढतो.

तुझं पत्र मिळालं. ऑर्केस्ट्रात तुझं बस्तान बसलं, पुण्यात खोलीही मिळाली, वाचून फार बरं वाटलं. रजनीनं पत्र दोनदा वाचलं आणि गजूच्या हाती लागू नये म्हणून देवघरात तसबिरीमागं ठेवलं. तू विचारलंस की गिटारचा आवाज फाडून देणारं ते परदेशी पेडल परवडत नाही, तर तसलीच पेटी दाजी घरी बनवू शकतील का. अरे, विचारतोस काय? मी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तक्रारी ऐकतो, की आवाज फाटून येतो, नीट करा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी भेटला, ज्याला आवाज फाटकाच पाहिजे.

तर काम सुरू केलंय. एका जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात तिचा नकाशा मिळाला. दिसायला अगदी सोपी आहे. दोन जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर, त्यांचा शोध चालू आहे, चार-दोन बारीकसारीक वस्तू, एक बॅटरी. डब्यासाठी लाइट फिटिंगचा जाड पत्र्याचा बॉक्स घेतला. अडलं ते पायानं दाबायच्या बटणावर. तसलं बटण जालन्यातही मिळेना. मंग स्टँडवर जीप दुरुस्त करणाऱ्याकडं बसलो होतो, तर त्याच्या पायाशी जीपमधला डिपर पडलेला. हेडलाइट खालीवर करायला ड्रायव्हर डाव्या पायानं दाबतो तो. एकदा दाबला की इकडं, परत दाबला की तिकडं. मला हेच पाहिजे होतं. तो म्हणाला, "साहेब, घरात जीप बांधून राह्यले काय?" मी म्हणालो, जीप नाही, पण आवाज तेवढाच करणार आहे.

तू इथं ठेवून गेलेली जुनी गिटार खाली काढली, पुसली. रोज रात्रीच्या जेवणाआधी तासभर मी टेबलावर आणि गजू टेबलाखाली, असं आमचं काम चालतं. सोल्डरिंग आयर्न तापलं की तो लांबूनच "हाऽ" म्हणतो आणि स्वतःचं बोट स्वतःच मागं घेतो. तेवढी एक शिस्त आहे. बाकी नाही. परवा त्यानं चिकटपट्टीचं अख्खं भेंडोळं डोक्याला गुंडाळून घेतलं. काळी पट्टी, आणि केस तर तुला माहीतच आहेत, नाही, तू बघितलेच नाहीत. पाठीवर येतात रे. रजनी दोन वेण्या घालते, लाल रिबिनी बांधते. एस.टी.चा कंडक्टर त्याला ताई म्हणतो आणि हा खिडकीतून हात हलवतो.

दुसरं कुणाचं पोर असतं तर तेवढे केस कात्रीनं काढून मोकळे झाले असते. आम्हाला कात्री लावता येत नाही. जावळ झाल्याशिवाय कात्री नाही, आणि मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय जावळ नाही. शेवटी रजनीनं वाटीभर खोबरेल ओतून एकेक केस सोडवला. गजू खुश, कारण तेवढा वेळ त्याला गूळ मिळत होता.

जावळ पाडव्यानंतरच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढं करायचं ठरवून राह्यलोय. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत उरकलं पाहिजे. त्याचं नावच त्या गणपतीचं ठेवलंय, तेव्हा दुसरीकडं कुठं करायचा प्रश्नच नाही. आणि सख्खा मामा त्याला तू एकटा.

तू मागं लिहिलं होतंस की टेंभुर्णीच्या घराचा आणि अप्पांचा विषय काढला तर उत्तर देणार नाही. म्हणून मी काढत नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्या गिटारकडं बोट करून ते म्हणाले, "हे डबडं घेऊन माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको." आणि तू म्हणालास, "तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन." दोघांनीही काटेकोर पाळलंय. बारशाला तू नव्हतास, दिवाळीला नव्हतास. बापलेक शोभता अगदी. बघ, काढणार नव्हतो, निघालाच.

परवा संक्रांतीला आम्ही तिकडं जाणार आहोत. त्याबद्दल काही लिहिणार नाही.

लोकांचे आवाज जोडून घरी येऊन तुझा फाडत बसलेला,
दाजी
भालचंद्र


जाफराबाद,
२३ फेब्रुवारी १९९७

चि. केशव, आशीर्वाद, आणि थोडा रागही.

तुझं कार्ड आलं. चार ओळींचं. "पेटी लवकर पाठवा, होळीनंतर कार्यक्रम आहेत. जावळाला बद्रीनाथला बसवा." कार्ड उघडंच असतं, पोस्टमननंही वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडं बघून नुसताच उभा राहिला. बद्रीनाथ तुझा चुलतभाऊ, माणूस चांगला आहे, त्याच्या मांडीलाही काही खोट नाही. रजनीनं कार्ड वाचलं आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि मी ती गुपचूप खाल्ली.

पेटीचं सांगतो. मासिकातल्या नकाशात जे दोन ट्रान्झिस्टर आहेत ते जर्मेनियमचे आहेत. हल्लीचे टाकले तर आवाज फाटतो, पण कोरडा फाटतो, करकरीत. तुला पाहिजे तो आवाज ओला, जाडसर, खर्जातून उठणारा. तो जुन्याच मालातून येतो. जालन्याला विचारलं, औरंगाबादेला जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, "ये माल अब बंद हो गया, किसी पुराने रेडिओ में देखो." जुना रेडिओ सहजासहजी कोण देतो? बंद पडला तरी लोक वर आरसा आणि फणी ठेवून वापरतात.

पण मिळाला. एका भल्या माणसाकडून मिळाला. कोण, ते विचारू नको. उघडला तर आत बराबर जसे पाहिजेत तसे, टोपी घातल्यासारखे ओळीनं बसलेले. मी मोजून-मापून त्यातले दोन चांगले काढले, वाटीत ठेवले, आणि फोन आला म्हणून शेजारी गेलो. आलो तर वाटीत एकच.

केशव, त्या दिवशी या घरात जे झालं ते चोराच्या घरीही होत नसेल. रजनीनं गजूचं तोंड उघडून बॅटरीनं बघितलं. मी गाद्या उलट्या केल्या. गजूला विचारलं, कुठं टाकलं रे? तर तो हसून म्हणाला, "निजलं." गिळला असेल या भीतीनं मी त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, पोर खेळतंय, खातंय, घाबरू नका, पण लक्ष ठेवा. कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगितलं. मी एक सरकारी नोकर माणूस, पुढचे काही दिवस काडी घेऊन काय काय तपासत बसलो ते तुला लिहीत नाही. शेजारच्या गोजरबाई रोज भिंतीवरून विचारायच्या, "निघालं का व सोनं?" त्यांना वाटायचं रजनीची कुडी हरवली.

नाही निघालं. मी आशा सोडली होती.

गेल्या रविवारी तो भला माणूस सहज आल्ता. ओट्यावर बसला, पाणी पिला. गजूनं त्याचं बोट धरलं आणि ओढत ओढत मागल्या अंगणात तुळशीपाशी नेलं. पेल्यात पाणी घेतलं, तुळशीच्या बुडाशी ओतलं आणि मातीकडं बघून रागावून म्हणाला, "उगव." आम्ही हसलो. तो माणूस हसला नाही. खाली बसला आणि त्याला विचारलं, "काय पेरलं रे वाघा?"

मंग बोटानं माती उकरली. आधी निघाला ट्रान्झिस्टर. मंग आणखी दोन बारीक पार्ट, जे हरवले हे मला माहीतही नव्हतं. मंग रजनीची टाचणी. आणि त्यांच्या मधोमध खरोखर कोंब फुटलेला एक शेंगदाणा.

"दोन बोटं खोल, बराबर एका वितीवर," तो म्हणाला. "मीच शिकवलं त्याला. संक्रांतीला रानात भुईमूग लावून राह्यल्तो, तवा माझ्या मागं मागं चालत व्हता." आणि असा काही अभिमान चेहऱ्यावर, की जणू पोरानं शाळेत पहिला नंबर काढला.

इतके दिवस रजनीनं रोज सकाळी आंघोळ करून त्या ट्रान्झिस्टरला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मी तो धुतला, पुसला, मीटर लावला. चालू. उलट दुसऱ्यापेक्षा चांगला चालतो. आता तुझ्या फाटक्या आवाजात तुळशीचं पुण्य आहे, जरा जपून वाजव.

शेंगदाण्याचं रोप गजूनं परत लावायला लावलं. बाकीचंही लाव म्हणून रडत होता, तेव्हा त्याची समजूत घालायला त्या माणसाला मुक्काम करावा लागला.

संक्रांतीला आम्ही कुणाच्या रानात गेल्तो ते तुला ठाऊक आहे. मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा तुला उत्तर न द्यायला कारण नाही.

शब्दाला जागणारा,
दाजी
भालचंद्र


जाफराबाद,
३१ मार्च १९९७

केशव,

पेटी झाली. आणि पेटी पोस्टानं येणार नाही. का, ते सांगायचं तर मला टेंभुर्णीचा विषय काढावा लागतो, चांगला उघड काढावा लागतो. पाहिजे तर पत्र इथंच फाड. पण मग तुझी पेटी गेली.

रेडिओ अप्पांचा आहे. कोणता ते तुला सांगायला नको. चामड्याच्या कव्हरचा, देवळीतला. लहानपणी तू त्याचं बटण फिरवलंस म्हणून मार खाल्ल्तास, अजून रजनी सांगते. संक्रांतीला जेवताना मी तिला म्हणत होतो की ते जुने ट्रान्झिस्टर कुठंच मिळेनात, जुना रेडिओच बघावा लागेल. कुणासाठी ते मी बोललो नाही. अप्पा खाली मान घालून जेवत होते. पुढच्या आठवड्यात बघतो तर एस.टी.तून उतरून दारात उभे, काखेत उपरण्यात गुंडाळलेला रेडिओ. म्हणाले, "ह्यातलं काय लागतं ते काढून घ्या, जावईबापू."

मी म्हणालो, "अप्पा, चालू आहे हा. तुमच्या बातम्या? बाजारभाव?"

"टी.व्ही. है की आता," ते म्हणाले.

टेंभुर्णीच्या घरात टी.व्ही. नाही, केशव. तुलाही माहीत आहे. टी.व्ही. वेशीजवळच्या दुकानात आहे आणि अप्पा त्या दुकानात कधी बसत नाहीत. कुणासाठी पाहिजे हे त्यांनी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "तिकडं कळवू नका." तिकडं म्हणजे कुठं, ते मीही विचारलं नाही. रजनी आत जाऊन रडली आणि मी आठ दिवस त्या रेडिओला पेचकस लावला नाही. धीरच झाला नाही रे.

आता कालची गंमत ऐक. काल रविवार. शनिवारीच अप्पा ओल्या हरभऱ्याची शेवटची जुडी घेऊन आल्ते, गजूचं रोप बघायला. संध्याकाळी मी सगळं मांडलं. तुझी गिटार, माझा घरी बनवलेला अॅम्प्लिफायर, मध्ये पेटी. मासिकात स्पष्ट सूचना होती की आतल्या-बाहेरच्या तारा शक्य तेवढ्या आखूड ठेवा. पण आखूड ठेवल्या तर सगळंच गजूच्या हाताशी येतं. म्हणून मी गिटार खुंटीला, अॅम्प्लिफायर कपाटावर, आणि तारा चांगल्या खोलीभर लांब, खिडकीच्या गजांवरून नेलेल्या. पेटी तेवढी जमिनीवर, कारण ती पायानं दाबायची.

मी गिटारच्या तारेला हात लावतो न लावतो, तोच गजू दोन्ही पायांनी त्या डिपरवर उडी मारून उभा. जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. खोलीच्या पत्र्याखालून गेला, पोटातून गेला. गोजरबाईंची शेळी दाव्यासकट सुटली. गोजरबाई धावत आल्या, "ट्रक घुसला का व कुठं?" गजू आधी गप्प झाला, मंग असा हसायला लागला की वेण्या सुटल्या. रजनी कानावर हात ठेवून हसत होती. हाच तो आवाज, केशव. ओला, जाड, तुला पाहिजे तस्सा. मला एवढा आनंद झाला की मी गजूला उचलून नाचलो.

अप्पा कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं, झालं, आता उठून टेंभुर्णीची गाडी धरतात.

मंग मी गिटारच्या तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. खोली शांत झाली, आणि त्या शांततेत पेटीतून एक बाई बोलायला लागली. हळू, घोगऱ्या आवाजात. "आकाशवाणी. सायंकाळचे सात वाजलेत." मी बघतच राहिलो. लांब तारांनी केंद्र पकडलं होतं. आखूड ठेवा म्हणून जे सांगितलं होतं ते याचसाठी.

अप्पा उठले. टोपी काढली, कपाटाजवळ गेले आणि अॅम्प्लिफायरला कान लावून उभे राहिले. सगळ्या बातम्या ऐकल्या. गजूला त्यांनी डिपरवरून हलू दिलं नाही. बातम्या संपल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "माझाच है तो. आवाज बसलाय जरा." आणि हसले. दात दाखवून, खांदे हलवून हसले. रजनी म्हणते तू गेल्यापासून तिनं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

मी सांगितलं की अप्पा, हा दोष आहे, उद्या तारा आखूड करतो, मंग फक्त गिटारच ऐकू येईल, परवा पार्सल करतो पुण्याला. पुण्याला हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली.

ते म्हणाले, "पोष्टानं न्हाई पाठवायचं. माझा रेडिओ है त्यात. ज्याला पायजे त्यानं येऊन न्यावा."

मंग रजनीनं धीर करून सांगितलं की जावळासाठी बद्रीनाथला निरोप दिलाय, तो येतो म्हणाला. अप्पा म्हणाले, "सख्खा मामा असताना मांडी उसनी कामून आणायची?" आणि गजूला घेऊन तुळशीला पाणी घालायला गेले, जसं काही झालंच नाही.

तू म्हणाला होतास, अप्पांनी स्वतः बोलवावं. केशव, त्यांना याच्यापेक्षा सरळ बोलावता येत नाही. तुलाही आलं नसतं. मी तुमच्या दोघांमध्ये चार वर्षं तारा जोडतोय, मला बरोबर ऐकू येतं.

रात्री जेवताना रजनीनं विचारलं, "अप्पा, येताना त्याला ते पण आणू द्यायचं का?" तुमच्या घरात त्या वस्तूचं नाव घेत नाहीत ना. तर अप्पा भाकरी मोडत म्हणाले, "मंग पेटी काय माझ्या गुडघ्याला लावून दावणार है?"

तारा मी अजून आखूड केलेल्या नाहीत. ते काम तू आल्यावर तुझ्यासमोर करू. तोवर अप्पा इथंच राहणार म्हणतात, आणि आजही सातच्या बातम्या त्यांनी पेटीतूनच ऐकल्या. गजू डिपर दाबून देतो आणि मधेच अख्ख्या गल्लीला दणका देतो. अप्पा त्याला रागवत नाहीत. गिटारच्या तारेला हात फक्त मीच लावतो असं आधी वाटायचं, पण आज बघितलं, पोरगं डिपरवर चढलं की म्हातारा हळूच जाऊन तार छेडतो.

रेडिओचा रिकामा सांगाडाही ठेवलाय. तू म्हणशील तर तुझ्या कार्यक्रमांतून सवड काढून दोघं मिळून त्यात नवीन काहीतरी बसवू, म्हणजे पेटी तू नेलीस तरी त्यांच्या बातम्या राहतील.

पाडव्याच्या आत ये. चतुर्थीला राजूरला जायला जीप सांगून ठेवलीय, त्याच डिपरवाल्याकडून. मांडी आण, आणि ते डबडं पण आण.

हे एवढं अप्पांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "डबडं खोडा. गिटार ल्ह्या."

खोडलं. गिटार आण.

अप्पांच्या शेजारी बसून,
तुझा दाजी
भालचंद्र